तिसरा कौल

दुसरी पाकळीही डावीकडेच पडली.

देवळात दीडशे माणसं होती, पण कुणी खोकललंसुद्धा नाही. पावणाई देवीच्या काळ्या पाषाणावर बुधाकाका गुरवांनी पाण्यात भिजवून चिकटवलेली तगरीची पाकळी हळूहळू सुटली, क्षणभर डाव्या खांद्यापाशी थबकली आणि खाली गेली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिल्या वेळी भाई परबांच्या भावजयीचं नाव घेतलं होतं, तिला डावा कौल. आता तातू राऊळांच्या सुनेचं घेतलं, तिलाही डावाच.

"म्हणजे दोघीय नको?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"गप रवा," तातू ओरडले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

आमच्या गावात सरपंच थेट निवडायची ती पहिलीच वेळ होती, आणि पद बाईसाठी राखीव झालं होतं. गावात भाई आणि तातू असे दोन तट. आधीच्या निवडणुकीत दोघांच्या माणसांत काठ्या चालल्या, एकाचा डोळा गेला. तेव्हापासून पालखीला पहिला खांदा कुणाचा या वादात पाच वर्षं जत्रा भरली नव्हती. शेवटी चार म्हाताऱ्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि ठरवलं, मतदान नको. देवी सांगेल ती सरपंच. तिचा एकटीचाच अर्ज जाईल, दुसऱ्या कुणी भरायचा नाही. देवीच्या पायरीवर हात ठेवून दोघांनी तसा शब्द दिला होता.

आणि आता देवीनं दोघींनाही नको म्हटलं होतं.

मी बायकांच्या घोळक्यात खांबाला टेकून उभी होते. माझी पिठाची गिरण होती, ती तासभर बंद ठेवून आले होते. केसांत पीठ तसंच होतं. मनात एवढंच चाललं होतं की हे लवकर आटपावं, दळणाचे सात डबे रांगेत आहेत.

भाई परब उठले. डोक्याला हात लावून क्षणभर गाभाऱ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी बायकांकडे नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"माजा एक म्हणणा आसा," भाई म्हणाले. "गिरणवाल्या वैजूचा नाव घेवया. ती जन्मान परबांची, लग्नान राऊळांची. कोणाक वाईट वाटूचा नाय."

लोक हसले. मीही हसले असेन. भाई माझे लांबचे चुलते. आपली पुतणी आपलं ऐकेल, असा त्यांचा हिशेब असणार. तातूंनी माझ्या नवऱ्याकडे, विश्रामकडे पाहिलं. विश्राम त्यांच्या टेंपोवर ड्रायव्हर होता. त्यांचाही हिशेब तसाच जुळला असावा, कारण ते म्हणाले, "माजी ना नाय."

मला कुणी विचारलंच नाही.

बुधाकाकांनी तिसरी पाकळी भिजवली. त्यांची बायको, द्वारकाकाकी, आठ दिवस गोव्याच्या दवाखान्यात होती, पुतण्या तिच्याजवळ होता. काकांना तिकडे जायचं होतं. पण अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आणि गावात कौल लावणारे ते एकटेच, म्हणून त्या सोमवारी त्यांना थांबवून घेतलं होतं.

जुन्या मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. "आई पावणाये! आज तुजी लेकरा तुज्या दारात उबी आसत. वैजयंती विश्राम राऊळ हिच्या हाती गाव देवचो असलो, तर उजवो कौल दी गो आई!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

माझं पूर्ण नाव देवळात असं मोठ्यानं घेतलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला. वाटलं, ही दुसरीच कुणी बाई आहे.

पाकळी बराच वेळ पडेना. आधीच्या दोन्ही दहा मिनिटांत सुटल्या होत्या. ही अर्धा तास चिकटून बसली. बुधाकाका डोळे मिटून हात जोडून उभे होते. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ओठ हलत होते. मग एकाएकी ती पाकळी सुटली आणि सरळ देवीच्या उजव्या हातावरून खाली आली. मधे कुठे अडकली नाही की भिरभिरली नाही.

देवळात एकच आरोळी उठली. ढोल वाजायला लागला. बायकांनी मला ढकलत ढकलत पुढे नेलं, कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू फासलं. मी बुधाकाकांच्या पाया पडायला वाकले, तर ते तिथे नव्हतेच. मागच्या दारातून ते बाहेर पडले होते. लोक म्हणाले, गोव्याची गाडी पकडायची असेल बिचाऱ्यांना.

मी घरी आले तेव्हा विश्राम ओसरीवर बसला होता.

"काय झाला ह्या?" मी विचारलं.

"माका काय विचारतंस? देवीक विचार."

"माका सरपंच नको. माका दाखले समजनत नाय, कागद समजनत नाय. दळणा टाकून मी तालुक्याक फेऱ्यो मारू?"

"वैजू, देवीन दिलेलो मान आसा तो. ना म्हणणारी तू कोण?"

त्याला राग आला नव्हता, तो घाबरला होता. त्या दिवसापासून तो माझ्याशी जरा जपून बोलायला लागला. जेवताना मीठ कमी पडलं तरी बोलला नाही. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी गिरण उघडली, तर आणखीच विचित्र. शेजारची मंजुळा रोज पीठ जाड आलं म्हणून भांडायची, ती डबा खाली ठेवून माझ्या पाया पडली. मी गव्हाचं पोतं उचलायला गेले तर दोघी धावल्या. दुपारी भाई आले. म्हणाले, "काय लागात तर माका सांग. सही खय करूची ता मी दाखवीन." संध्याकाळी तातू आले आणि जवळजवळ हेच शब्द बोलले. दोघांनीही जाताना हात जोडले. मला, की माझ्या मागे त्यांना दिसणाऱ्या कुणाला, ते कळलं नाही.

मी मनाशी शोधत होते. मीच का? देवळात मी नेमानं जाणारी नाही. गेल्या नवरात्रात देवीची ओटी भरायची राहून गेली होती. शिवाय गिरणीत दळणामागे मूठभर पीठ घट म्हणून मी काढून ठेवायचे. तेवढी घट होत नाही, हे मला माहीत होतं. देवीला हे ठाऊक नसेल? की ठाऊक असूनही तिनं निवडलं? की ठाऊक आहे म्हणूनच मला सगळ्या गावासमोर उभं केलं? काही कळेना. गिरणीच्या तोंडाशी बसून मी आरशात बघावं तशी गव्हाच्या धारेकडे बघत राहायचे. दळण जळल्याचा वास आला की भानावर यायचे.

बुधवारी सकाळी गोव्याहून निरोप आला, द्वारकाकाकी गेली. मंगळवारी ऑपरेशन झालं होतं. रात्र काढली, पहाटे गेली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणे, करण्यात धोका आहे, न करण्यातही आहे. त्या दिवशी संध्याकाळी तिला गावात आणलं आणि नदीच्या काठी पोचवलं. मी लांबून बुधाकाकांना पाहिलं. ते रडत नव्हते. माणूस काहीतरी विसरला असावा आणि आठवायचा प्रयत्न करत असावा, तसा त्यांचा चेहरा होता.

शुक्रवारी तीनपर्यंत अर्ज भरायचा होता. सकाळी आठ वाजताच विश्रामनं टेंपो पुसून तयार ठेवला. मी इस्त्रीची साडी नेसले, कागदांची पिशवी घेतली आणि म्हटलं, "आधी बुधाकाकांक भेटान येतंय."

"आज? सुतक आसा तेंच्या घरात."

"म्हणानच."

खरं सांगायचं तर मी समाचाराला नव्हते जात. मला त्यांना विचारायचं होतं, काका, कौल लावताना काही चुकलं का? पाकळी जास्त ओली होती का? पुन्हा एकदा लावता येईल का? निदान इतकं तरी सांगा की मी नाही म्हटलं तर देवीचा कोप होणार नाही.

बुधाकाका मागच्या पडवीत एकटेच बसले होते. पुतण्या नदीवर गेला होता. मला बघितल्यावर ते उठायला लागले.

"बसा काका," मी म्हटलं आणि समोर जमिनीवर बसले. काकीबद्दल दोन शब्द बोलले. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मग मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलले.

"वैजू, तुका एक सांगूचा आसा. मी जिता आसय तोपर्यंत कोणाक बोलू नको."

मी मान हलवली. बुधाकाका गेले त्यालाही आता वर्षं झाली, म्हणून आज सांगते आहे.

"पयले दोन कौल मी नीट लावलंय," ते म्हणाले. "चित्त देवीपाशी होता. पण सोमवारी सकाळी पुतण्याचो फोन इल्लो. डॉक्टर विचारतत, ऑपरेशन करूचा काय नको, तुमी सांगा. मी तेका म्हटलंय, दुपारी सांगतंय. तिसऱ्या वेळेक भाईन तुजा नाव घेतल्यान, मी पाकळी लावली, गाऱ्हाणा सुरू झाला... आणि माजा मन गोव्याक गेला. लोक तुज्यासाठी विचारी होते. मी मनात विचारलंय, आई, द्वारकेचा ऑपरेशन करू काय?"

ते थांबले. अंगणात एक कोंबडी पिल्लांना घेऊन फिरत होती, तिच्याकडे बघत राहिले.

"अर्धो तास मी ताच विचारी होतंय. आणि पाकळी उजवी पडली. तुमी सगळे ओरडलात. मी मागल्या दारान भायर येवन फोन लावलंय, करा म्हणान सांगलंय."

कितीतरी वेळ मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. तो कौल माझा नव्हताच. मी घरी जाऊ शकत होते.

"मग तो कौल काकीचो," मी हळूच म्हटलं.

बुधाकाकांनी एकदम वर पाहिलं. "तिचो कसो? तिचो असतो तर ती जाती काय? चाळीस वर्सा मी देवीची पूजा केलंय. ती माका खोटा सांगात?" त्यांचा आवाज चिरकला. "तो तुजोच होतो वैजू. दीडशे माणसा तुज्यासाठी विचारी होती, तिना तेंका उत्तर दिल्यान. मीच मधे हात घातलंय. दुसऱ्याचो कौल मी आपलो म्हणान घेतलंय, आणि म्हणान ती गेली. तसाच ना? सांग गो. तुजोच होतो ना तो?"

त्यांनी माझं मनगट धरलं होतं. सत्तरीचा माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा, पोरासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी हो म्हटलं असतं, तर त्यांनी स्वतःच्या हातानं बायकोला मारलं असं ठरत होतं. नाही म्हटलं असतं, तर चाळीस वर्षं पूजलेली देवी त्यांच्या तोंडावर खोटं बोलली असं ठरत होतं. मी दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले. एकही बाहेर पडेना. आणि मग, कुठून आलं कोण जाणे, मी बोलून गेले, "काका, तिना दोघांकय हो म्हटल्यान असात."

"म्हंजे?"

"तुमी काय विचारलात? करू काय, म्हणान. तिना सांगल्यान, कर. बरी होईत काय, ह्या तुमी खय विचारलात? करूचाच होता ता. तुमी केलात. मगे काय होईत, ता ती सांगूक नाय."

त्यांच्या हाताची पकड हळूहळू सैल झाली. "कर म्हणाली," ते स्वतःशीच म्हणाले. "बरी होईत असा नाय म्हणाली." दोनतीनदा तेच म्हणाले. आणि मग, बायको गेल्यापासून पहिल्यांदाच असेल, ते रडायला लागले. मी त्यांना रडू दिलं. आतून तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मग तुकाय ताच सांगल्यान ना? कर म्हणान?"

मी तिथेच अडकले. जे मी त्यांना समजावलं, त्याला ते धरून उभे राहिले होते. आता मी अर्ज भरला नसता, तर माझं बोलणं नुसतं समजूत घालण्यापुरतं होतं हे त्यांना त्याच दुपारी कळलं असतं. ते खरं होतं की खोटं, मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"जातंय मी काका," मी म्हटलं. "उशीर होता."

तालुक्याच्या कचेरीत पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बाहेर दोन टेंपो भरून माणसं आली होती, भाईंची आणि तातूंची, एकाच झाडाखाली उभी. पाच वर्षांत ती अशी एकत्र दिसली नव्हती. अर्ज घेणारा कारकून तरुण होता, शहराकडचा. त्यानं कागद चाळले आणि सहीची जागा दाखवत विचारलं, "ताई, स्वतःच्या इच्छेनं भरताय ना? कुणाचा दबाव वगैरे नाही ना?"

मी पेन हातात धरून बसले. विश्रामनं मागून कोपर लावलं.

"हो," मी म्हटलं आणि सही केली.

मी बिनविरोध सरपंच झाले. त्या वर्षी जत्रा भरली. पालखीचा पहिला खांदा भाई आणि तातू यांनी जोडीनं दिला, आणि ज्याचा डोळा गेला होता तो पुढे मशाल धरून चालला. तेवढं एक माझ्या हातून बरं झालं, तेही मी काही केलं म्हणून नव्हे. दळणाची घट काढणं मी बंद केलं. कागदपत्रं हळूहळू शिकले. भाई आणि तातू सही कुठे करायची ते दाखवायला आलेच नाहीत. मीच त्यांना कधी बोलावलं, तर म्हणायचे, "तुमका योग्य वाटात ता करा." मला 'तुम्ही' म्हणायचे. माझा चुलता मला 'तुम्ही' म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी वरच्या वाडीसाठी बोअर मारायची होती. मी दोन जागा पाहिल्या आणि शाळेमागची पक्की केली, कारण तिथे गाडी नेणं सोपं होतं. ग्रामसभेत विचारलं, कुणाची हरकत? कुणी बोललं नाही. तीनशे फूट खाली गेलो. नुसती धूळ आली, पांढरी, माझ्या पिठासारखी. सरकारी मंजुरी वाया गेली आणि वरच्या वाडीतल्या बायका आणखी दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी आणणार, हे नक्की झालं.

त्या संध्याकाळी मंजुळा दळण न्यायला आली होती. मी म्हटलं, "काय गो, कसा झाला ह्या?"

ती सहज म्हणाली, "थय पाणी नाय ह्या सगळ्यांका म्हायती होता. माज्या सासऱ्यान थयच बाव खणलेली, सुकीच गेली."

"मग सभेत कित्याक नाय बोललंस?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मी वेड्यासारखं विचारलं होतं. "देवीन नेमलेल्या माणसाक आमी काय सांगतलव?"

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या ग्रामसभेत मी ठरवून उभी राहिले. सगळं सांगून टाकायचं होतं. तो कौल माझा होता की नाही हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, तेव्हा मला टोका, माझ्याशी भांडा, माझी चूक माझ्या तोंडावर सांगा. शब्द जुळवून आणले होते.

"बोअरची चूक माजी," मी सुरुवात केली. "आणि आणखी एक गोष्ट तुमका सांगूची आसा. तो सोमवारचो कौल..."

बुधाकाका शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. ते सभेला कधी यायचे नाहीत, त्या दिवशी का आले होते कोण जाणे. 'कौल' हा शब्द ऐकला तसे ते ताठ झाले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

मी थांबले. सभा वाट बघत होती.

"...तो कौल मी विसरूक नाय," मी म्हटलं. "एवढाच सांगूचा होता."

सभेत जरा चुळबुळ झाली. मग तातू उठून म्हणाले, "चूक कसली? देवीच्या मनात काय असात, ता आपणाक काय कळणार! थय पाणी लागला नाय, म्हणजे त्यातय कायतरी असतला." भाईंनी मान डोलावली. मग मागच्या बायकांनी, मग सगळ्यांनीच. बुधाकाकांनीही.

मी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मीही मान डोलावली.